चौथ्या तारेला हात लावू नका

वाद्य टेबलावर ठेवायच्या आधीच गिऱ्हाईक मला काय करायचं ते सांगायला लागलं, की माझं डोकं सटकतं. दाताच्या डॉक्टरकडे जाऊन कोणी 'हा दात काढा, त्या दाताकडे बघू नका' असं सांगत नाही. माझ्याकडे मात्र सर्रास सांगतात. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून आलेली मुलं तर मला पान्याचा नंबरसुद्धा सांगतात. पनवेलात टपाल नाक्याजवळ चौतीस वर्षं माझं हे दुकान आहे. पेटी, बेंजो, गिटार, जे येईल ते मी दुरुस्त करतो. बायको म्हणते, पाटी बदलून 'येथे वाद्ये दुरुस्त करून आणि माणसे झापून मिळतील' अशी लावा. तिचं फारसं चुकत नाही.

सोमवारी सकाळी अंकिता आली ती अशीच सूचना घेऊन. पाठीला कापडी पिशवीतली गिटार, हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा.

"मी काशिराम घरतांची नात," ती म्हणाली. "आबा आणि तुम्ही लग्नांत एका पार्टीत वाजवायचात ना? गुरुवारी माझी हळद आहे. हळदीला आबा माझ्या पणजीचा धवला वाजवणार आहेत. कीबोर्डवालाही सांगितलाय साथीला. पण गिटारच्या तारा इतक्या वर आल्यात की आबांना दाबवत नाहीत. बोटांत संधिवात आहे त्यांच्या. तेवढ्या खाली आणून द्या."

"देतो."

"आणि चौथ्या तारेला हात लावू नका म्हणालेत."

"का?"

"ते नाही माहीत. पण दोनदा सांगितलंय."

मी मान हलवली. मनात म्हटलं, घ्या, हेही सुरू झाले.

ती गेल्यावर पिशवीची चेन उघडली आणि गिटार हातात घेतल्याबरोबर ओळखली. तीच ती. पिकल्या जांभळाच्या रंगाची, चौऱ्याऐंशी साली कलकत्त्याहून मागवलेली. खालच्या कडेला रंग उडालाय तो उरणच्या एका लग्नात टेम्पोतून पडली तेव्हाचा. काशिराम तेव्हा चालत्या टेम्पोतून उडी मारून तिच्यामागे धावला होता आणि स्वतःच्या गुडघ्यातून रक्त येतंय हे त्याला मांडवात पोचल्यावर कळलं. आमच्या पार्टीत तो गिटार वाजवायचा आणि मी कीबोर्ड. मला नोटेशन वाचता यायचं, म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला ते फार आवडायचं.

धवला म्हणजे आगरी लग्नातलं गाणं. मांडवापासून सासरी पाठवणीपर्यंत जे जे घडतं त्याचा धवला असतो आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजीला उशीर झाला तर लोक थांबतात, पण धवलारीण नसेल तर काम सुरूच होत नाही. काशिरामची आई ठमाबाई धवलारीण होती. तिचं नाव मी बऱ्याच वर्षांत तोंडाने घेतलं नव्हतं, त्याला कारण आहे, ते पुढे येईल.

तर मी कामाला लागलो. गिटारच्या मानेवर तारांचा सतत ताण असतो. वर्षानुवर्षं तो ताण खाऊन मान पुढे झुकते, मग तारा वर उचलल्या जातात आणि बोटाला फार दाबावं लागतं. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते. ती पान्याने आवळली की मान मागे येते. मग तारा खाली जिथे टेकतात त्या ब्रिजचे स्क्रू फिरवून तारा हव्या तेवढ्या उतरवायच्या. काम सोपं आहे, पण घाई केली तर मान कायमची वाकडी होते. ज्या उस्तादांकडे मी शिकलो ते म्हणायचे, खोलण्याआधी लिहून ठेव. म्हणून माझ्याकडे शाळेतल्या वह्या आहेत, आत्तापर्यंत एकोणीस. वाद्य आलं तेव्हा तारा किती उंच होत्या, सळई किती फेरे फिरवली, ब्रिजचा स्क्रू किती फिरवला, सगळं त्यात.

फटी मोजायची पत्र्याची पातळ पानं लावून मी बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या कांबीवर, तारांची उंची घेतली. जाड तारेखाली जवळजवळ तीन मिलिमीटर. एवढ्या उंच तारा म्हणजे संधिवाताच्या बोटांना शिक्षाच. सगळ्या तारा एकदा छेडल्या. आपापसात सुरात होत्या, पण एकूण खूप खाली. वहीत 'सूर' म्हणून एक रकाना आहे, त्यात मी लिहिलं, 'उतरलेला'.

मग चौथ्या तारेकडे पाहिलं. बाकीच्या पाच कधी ना कधी बदललेल्या दिसत होत्या. चौथी मात्र काळी पडलेली, गंजलेली, बोटाला करवतीसारखी लागणारी. म्हणे हात लावू नका. मला वाटलं, म्हातारा काटकसर करतोय, नाहीतर कोणीतरी त्याच्या डोक्यात काहीतरी भरवलंय. पाच तारा नव्या आणि एक गंजकी, असं वाद्य माझ्या दुकानातून बाहेर गेलं तर लोक मला हसतील. मी कटर घेतला आणि सहाच्या सहा तारा कापल्या. चौथी सर्वांत शेवटी कापली, एवढाच काय तो मान दिला तिला.

संध्याकाळपर्यंत काम झालं होतं. सळई सव्वा फेरा आवळली, ब्रिज उतरवला, नव्या पातळ तारा चढवल्या, सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर सुरात लावल्या. बोट नुसतं टेकवलं तरी स्वर वाजायला लागला. मी स्वतःवर खूश होतो.

मंगळवारी दुपारी काशिराम आणि भामावहिनी दुकानात आले. बांगड्या भरायला बाजारात आले होते. काशिराम आता अडुसष्टचा. केस गेले, पण हसणं तेच. भामावहिनींच्या एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात मोबाइल, पदर कमरेला खोचलेला. बाकावर बसल्याबसल्या त्यांनी फोनवर मांडववाल्याला झापायला सुरुवात केली. मला ते बरं वाटलं. एवढी वर्षं एकाच शहरात राहून मी कधी त्यांच्या घरी गेलो नव्हतो आणि आता समोरासमोर काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं.

"मास्तर, म्हातारा झालास तू पन," काशिराम म्हणाला.

"तुमच्या मागोमागच, दादा. घ्या, बघा. लोण्यासारखी झालीय."

त्याने गिटार मांडीवर घेतली. बोटं सुजलेली होती, सांधे वर आलेले. तारा छेडायच्या आधी तो अंगठ्याने त्या मोजत गेला आणि चौथीवर थांबला.

"ही नवी हाय."

"सगळ्या नव्या टाकल्यात."

"जुनी कुठं हाय?"

"दादा, गंजली होती ती. तुमचं बोट कापलं असतं."

काशिराम रागावला नाही. त्याने गिटार हळूच टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर घेतले. भामावहिनींनी फोन कानावरून काढला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तोडली?" त्यांनी विचारलं.

"तोडली," काशिराम म्हणाला.

मग त्याने मला सगळं सांगितलं. अगदी शांतपणे सांगितलं, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आय शेवटची गायली तवा गिटार तिच्या सुरात लावलेली व्हती. आय गेली. त्याला झाली पंधरा वर्सं. तवापासून मी चौथ्या तारेची खुंटी फिरवली नाय. बाकीच्या तुटल्या, उतरल्या, त्या चौथीवरून लावून घेतल्या. ती एक तशीच ठेवली."

"पण धवला तर तुम्हाला पाठ असेल."

"धवला सगला पाठ हाय. पन तो उचलायचा कुठून, ते डोक्यात ऱ्हात नाय. रोज वेगल्या जागेवरून उचलला जातो. मग तो आयचा वाटत नाय. ती तार छेडली का बरोबर तिथूनच यायचा."

"कॅसेट असेल ना एखादी?"

"गाव विमानतळात गेलं तवा सामान हलवलं. कॅसेटची पेटी कुठं गेली ती अजून गावली नाय."

मी भामावहिनींकडे वळलो. "वहिनी, तुम्ही तर तीस वर्षं ऐकलंत त्यांना. तुम्हाला नाही आठवत?"

"सासूसमोर मी कदी तोंड उघडलंय का गायला?" त्या म्हणाल्या. "मी नुसती मागं बसून ऐकायची. आता ध्यानात ठेवायचं म्हंजे कसं ठेवायचं ते, तुमीच सांगा. आवाज काय डब्यात भरून ठेवता येतो?"

काशिराम उठला. "ऱ्हाऊ दे मास्तर. कीबोर्डवाला देईल त्या सुरात वाजवीन. पोरीला काय कलनार हाय."

हे वाक्य तो सहज बोलला. पण अशाच एका वाक्यातून हे सगळं सुरू झालं होतं आणि ते मी बोललो होतो.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. आमच्या पार्टीने पहिल्यांदा कीबोर्ड घेतला होता. आख्ख्या पनवेल तालुक्यात तेव्हा दोन पार्ट्यांकडे कीबोर्ड होता आणि त्यातली एक आमची, म्हणजे माझी. त्याआधी आम्ही बेंजोवर वाजवायचो आणि हळदीची सुरुवात ठमाबाईच्या धवल्याने व्हायची. ती मांडवाच्या खांबाला टेकून बसायची, डोळे मिटायची आणि कोणालाही न विचारता सुरू करायची. आवाज जाडसर, थोडा घोगरा. तिच्या मागे भामावहिनी, तेव्हा तरुण सून, डोक्यावरून कपाळापर्यंत पदर ओढून गुडघे जवळ घेऊन बसलेली. सासू गात असताना तो पदर कधी ढळला नाही. काशिराम गिटार आईच्या सुरात लावून घ्यायचा. बेंजोवाला त्याच्या मागे कसाबसा लागायचा. त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही.

मला वाटायला लागलं. माझ्या कीबोर्डावर ठमाबाईचा सूर कुठल्याच पट्टीवर बसेना. ही पट्टी दाबली तर ती खाली, ती दाबली तर वर. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी ती गायची. मी संगीताच्या दोन परीक्षा दिल्या होत्या आणि मला वाटायचं की ज्याला पट्टी नाही तो सूरच नाही. तळोज्याजवळच्या एका गावात हळद होती. दिवेलागण झालेली, मांडव भरलेला, माइक चालू. ठमाबाईने सुरू केलं आणि मी दोन ओळींनंतर हात वर करून तिला थांबवलं. माइकवर म्हणालो, "मावशी, जरा वर घ्या. मशीन खाली येत नाही."

मांडवात काही जण हसले. ठमाबाईने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मग तिने खरंच प्रयत्न केला. दुसऱ्या ओळीवर तिचा आवाज फाटला. पुन्हा केला, पुन्हा फाटला. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "वाजवा तुमी." आणि जाऊन बायकांत बसली. त्यानंतर ती माइकसमोर कधी गायली नाही. काशिरामने ते लग्न पूर्ण वाजवलं आणि दुसऱ्या दिवशी पार्टी सोडली. भांडला नाही. पुढे आई घरच्या अंगणात, जवळच्या लग्नांत, गायची तेव्हा तो तिच्या सुरात वाजवायचा, असं माझ्या कानावर यायचं.

माफी मागायला गेलो नाही. आधी वाटायचं, मी बरोबरच होतो. पुढच्या वर्षी कीबोर्ड साफ करताना मागच्या बाजूला, वायर लावायच्या भोकाशेजारी, एक छोटंसं बटन दिसलं. फिरवून पाहिलं. आख्खा कीबोर्ड हवा तेवढा खाली येत होता. केसभर पाहिजे तर केसभर. मशीन खाली येत होतं, मीच कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. आणि कोणाला काही सांगितलंही नाही. दोन हजार दहाला ठमाबाई गेली तेव्हा मी दुकान बंद ठेवलं, पण स्मशानात गेलो नाही. तोंड कुठलं दाखवायचं?

आणि आता तिच्या सुराची शेवटची खूण राहिली होती ती एक गंजकी तार, तीही मी कापून कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. या वेळी तर मला आधी सांगितलं होतं, दोनदा.

काशिराम पायरीपर्यंत गेला होता. मी टेबलाकडे पाहत होतो. वही उघडीच पडली होती आणि त्यात कालच्या तारखेला माझ्याच अक्षरात आकडे होते.

"दादा," मी म्हणालो. "थांबा. मला उद्यापर्यंत वेळ द्या."

"आता काय करनार तू?"

"तार गेली. पण तिने मान किती ओढून धरली होती ते माझ्याकडे लिहिलेलं आहे."

त्याला कळलं नाही. मी समजावून सांगितलं. तारा जेवढ्या ताणू तेवढी मान झुकते, आणि मान जेवढी झुकते तेवढ्या तारा वर येतात. तारा किती वर होत्या ते मी कापण्याआधी मोजलं होतं. सळई सव्वा फेरा आवळलीय, ती तेवढीच ढिली करायची. ब्रिज होता तिथे न्यायचा. तशाच जाड तारा चढवायच्या आणि सगळ्या मिळून हळूहळू ताणत जायच्या. ज्या ताणावर उंची वहीतल्या आकड्याशी जुळेल, तोच जुना ताण. आणि तोच ताण म्हणजे तोच सूर.

"अगदी केसाला केस लागेल असं नाही सांगत," मी म्हणालो. "पण जवळ नेऊन सोडतो. पुढचं तुमच्या कानाने करायचं."

काशिराम पायरीवर उभा राहून विचार करत होता. भामावहिनी म्हणाल्या, "करू द्या त्यांना. नायतरी आता आनखी काय तुटायचं ऱ्हायलंय."

ते गेले आणि मी कचऱ्याचा डबा टेबलाखाली उपडा केला. लाकडाचा भुसा, चहाचे कागदी कप, चिकटपट्ट्या. त्यातून सहाही तारांचे तुकडे शोधून काढले आणि एकेकीची जाडी मोजली. चौथीचे दोन तुकडे होते. ते पुसून कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवले. एवढ्या जाड तारा आता कोणी घेत नाही. मुलांना सगळं पातळ आणि मऊ लागतं. माळ्यावरच्या खोक्यात एक जाड संच बरीच वर्षं धूळ खात पडला होता, तो सापडला तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो.

सळई ढिली केली, मोजून सव्वा फेरा. ब्रिजचे स्क्रू वहीत पाहून परत फिरवले. तारा चढवल्या आणि एकदम ढिल्यावरून सुरुवात केली. थोड्या ताणायच्या, थांबायचं, बाराव्या फ्रेटवर पान घालून बघायचं. पुन्हा थोड्या ताणायच्या. लाकडाला घाई चालत नाही, ते आपल्या वेळेने बसतं. ट्यूनर मी मुद्दाम बंद करून ठेवला होता. आयुष्यभर आकड्यांवरून लोकांना बेसूर ठरवलं, आता आकडा हातात होता पण तो दुसऱ्या कामासाठी. दुकान बंद करायच्या वेळी उंची वहीपेक्षा किंचित कमी होती. तशीच सोडली आणि घरी गेलो. बुधवारी सकाळी येऊन पाहिलं तर मान बसली होती आणि पान तारेखाली अलगद, न अडता, न हलता जात होतं. मी चौथी तार छेडली.

मला ओळख पटली असं म्हणणार नाही. पण तो आवाज कानात पडला आणि मला तो मांडव, तो खांब आणि ते मिटलेले डोळे आठवले.

काशिराम आणि भामावहिनी अकराला आले. बांगड्या भरून झाल्या नव्हत्या म्हणून पुन्हा बाजार होताच. भामावहिनी बाकावर बसून पिशवीतून मेथी काढून निवडायला लागल्या, वेळ वाया जाऊ नये म्हणून. काशिरामने गिटार घेतली आणि चौथी तार छेडली. मान तिरकी करून ऐकली. पुन्हा छेडली.

"जवल हाय," तो म्हणाला. "पन चढलाय."

"किती?"

"थोडा. तू फिरव, मी सांगतो."

मी खुंटी हातात घेतली. तो एकाच तारेवर टिचकी मारत राहिला आणि मी अगदी नखाएवढी खुंटी सोडत गेलो. "अजून. अजून. थांब, गेला खाली. ये वर. वर. ह्योच." त्याने डोळे मिटले. बाकीच्या पाच तारा त्याने स्वतः चौथीवरून लावून घेतल्या. मग सुजलेली बोटं ताणून, ओठ आवळून, त्या उंच तारांवर धवल्याची पहिली ओळ वाजवली. नवरीला हळद लावायला बोलावतात ती. बोट दोनदा घसरलं. पण सूर जागेवर होता.

मी काशिरामकडे पाहत नव्हतो, कारण सूर त्यानेच लावला होता, त्याला तो बरोबर वाटणारच, आणि माझ्या कानावर मला भरवसा नव्हता. मी भामावहिनींकडे पाहत होतो. त्या खाली मान घालून मेथी निवडत होत्या. दुसरी ओळ सुरू झाली तसा त्यांचा डावा हात कमरेकडे गेला. खोचलेला पदर त्यांनी सोडवला, डोक्यावरून घेतला, कपाळापर्यंत ओढला आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. आपण काय केलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. काशिराम वाजवायचा थांबला तेव्हा त्यांनी मान वर केली आणि आम्ही दोघं आपल्याकडे पाहतोय हे त्यांना दिसलं. हात पदराला लागला. मग त्यांचे डोळे भरून आले.

"बगा," त्या म्हणाल्या. "आल्या."

मग मला राहवेना. मी त्यांना त्या बटनाचं सांगितलं. कीबोर्डाच्या मागच्या बाजूला ते होतं, ते फिरवलं असतं तर कीबोर्ड मावशींच्या सुरात आला असता, हे मला वर्षभरात कळलं होतं आणि तरी मी त्यांच्या घरी आलो नाही, हे सगळं सांगितलं.

"मना म्हाईत हाय ते," काशिराम म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"बटनाचं. दुसऱ्या साली मोरा गावच्या एका पार्टीतला पोरगा माज्यासमोर फिरवत व्हता. घरी येऊन आयला सांगितलं. बोललो, मास्तरकडं जातो आनि इचारतो, मुद्दाम केलंस का म्हनून."

"मग आला का नाहीत?"

"आयनं जाऊ दिलं नाय. बोलली, त्याला तवा म्हाईत नसंल. आनि आता म्हाईत झालं असंल, तर त्याला आपल्यापेक्षा जास्त तरास व्हत असंल. कशाला जातोस तिकडं."

मी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत राहिलो. बाहेर रिक्षा होत्या, फुलवाला होता, नेहमीचंच सगळं होतं. मला रडू आलं आणि मी रडलो, एवढंच.

"चल," काशिराम म्हणाला. "आता तारा खाली कर. आय सापडली, पन बोटं माजीच हायत."

मग मी पुन्हा कामाला बसलो. या वेळी ट्यूनर लावलाच नाही. ठमाबाईच्या सुरात ताणलेली मान जशी होती तशी धरून सळई थोडी आवळली, पुन्हा सूर लावला, पुन्हा काशिरामकडून हो घेतला, मग ब्रिज उतरवला. तारा इतक्या खाली आणल्या की काशिरामचं बोट नुसतं टेकलं तरी स्वर निघेल, आणि तरी कुठे खरखर नाही. भामावहिनींची मेथी तोवर निवडून झाली होती. पदर अजून डोक्यावर होता. वहीत सोमवारच्या पानावर 'सूर' या रकान्यात मी 'उतरलेला' असं लिहिलं होतं. ते खोडलं आणि 'ठमाबाई' असं लिहिलं. चौथ्या तारेचे दोन तुकडे कागदासकट काशिरामच्या खिशात घातले.

निघताना तो पायरीवर थांबला.

"उद्या हलदीला ये," तो म्हणाला. "अंकितानं कीबोर्डवाला पोरगा सांगितलाय. लय शिकलेला हाय म्हनतात. तो आयला वर घ्यायला सांगंल, त्याच्या आदी त्याला ते बटन दाखव."

"आता बटन नसतं, दादा. आत मेनूमध्ये असतं."

"मग मेनूत दाखव. पन लवकर ये. धवला आदी असतो."

मी येतो म्हणालो.